पहिली चिमूट

ह्यांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या मुलानं, गंधारनं, दुकानाचं शटर वर केलं. महिनाभर कोंडलेला दालचिनीचा वास अंगावर आला आणि मला काहीही वाटलं नाही. हे मी लपवत नाही. मला बरेच दिवस कशाचंच काही वाटत नव्हतं. बायका येऊन गळ्यात पडायच्या, हुंदके द्यायच्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची आणि माझं लक्ष असायचं की हिच्या ब्लाउजची शिलाई उसवली आहे, हिला सांगावं की नाही. "कुमुदिनीनं फार धीरानं घेतलं," असं गल्लीत बोललं जात होतं. धीर वगैरे काही नव्हतं. आत सगळं सुन्न होतं.

आमचं दुकान आदिलाबादच्या जुन्या बाजारात. किराणा आणि मसाला. सासऱ्यांनी, उत्तमरावांनी, काढलेलं, आणि ह्यांनी, म्हणजे नरसिंगरावांनी, नावारूपाला आणलेलं. नाव झालं ते दालचिनीच्या पुडीमुळं. भैंसा, मंचेरियल, इकडं मावल्यापासून लोक त्या पुडीसाठी यायचे. तेलुगू माणसं "चेक्का पोडी" मागायची, आपली माणसं "नरसिंगदादाची पुडी" म्हणायची. पुडी कसली, मीच मागच्या खोलीत दळायची आणि चाळायची ती पूड. पण नाव दादांचं, आणि त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती.

ह्यांना दालचिनीचं वेड होतं असं म्हटलं तर कमीच. गिऱ्हाईक जिरं घ्यायला आलं तरी हे त्याच्या हातावर दालचिनीचे दोन तुकडे ठेवायचे. "हे पाहा, ही सिलोनची. झाडाची कोवळी फांदी तोडतात, वरची खरबरीत साल खरवडतात, आतली सोलून एकात एक घालून वाळवतात. म्हून अशी सुरळी होते. बोटानं मोडते. आन् ही जाड, ही चीन-व्हिएतनामकडची. हिले खलबत्ता लागते. बिर्याणीत हीच पाहिजे, पण नाजूक कामाले सिलोनची." गिऱ्हाईक घाईत असायचं, पण ऐकायचं. बोलण्यात गोडवा होता माणसाच्या. मी आत चाळण मारत ऐकायची आणि मनात म्हणायची, घरात दोन शब्द बोलताना कुठं जातो हा गोडवा.

पुडीसोबत एक कागद मिळायचा. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला तेलुगू. उगम, उपयोग, फायदे. सहा ओळी होत्या: चहात घ्या, जेवण पचतं, दात दुखला तर तुकडा धरा, खोकल्याला मधातून, असं, आपल्याकडं आजीपासून चालत आलेलं. त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. चार वर्षांपूर्वी ह्यांनी सातवी ओळ घातली. "रोज सकाळी अर्धा चमचा घेतल्यास शुगर उतरते, गोळीची गरज उरत नाही."

ह्यांना शुगर होतीच. त्या श्रावणात हे एकभुक्त राहिले, महिनाभर संध्याकाळचं जेवण नाही, आणि त्याच महिन्यात दालचिनी सुरू केली. महिन्यानं रक्त तपासलं तर आकडा खाली. मी म्हटलं, "एकच टाइम जेवून राह्यले तुमी, आकडा खाली येणारच ना." ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी देवाच्या मूर्तीला दगड म्हणाले. दुसऱ्या दिवशी गोळ्यांची पाकिटं वरच्या फळीवर गेली, आणि त्या आठवड्यात कागद नवा छापून आला. मी पुन्हा काही बोलले नाही. दुकान चाललं होतं.

आता आमच्या दुकानाची रीत सांगते, कारण सगळं तिथंच अडकलं. सासऱ्यांच्या काळात कधीतरी बाजारात आवई उठली की तिखटात विटेचा भुगा घालतात. सासऱ्यांनी दुसऱ्या दिवसापासून नेम केला: गिऱ्हाइकासमोर डबा उघडायचा, पहिली चिमूट मालकानं स्वतःच्या तोंडात टाकायची, मग तोलायचं. तिखट असो, हळद असो, सुंठ असो. दुसरी दुकानं जाहिरात करायची, आमच्याकडं चिमूट होती. जुनी गिऱ्हाइकं त्या चिमटीची वाट बघत उभी राहायची. चिमूट गेल्याशिवाय पिशवी पुढं करायची नाहीत.

ह्यांनी ती रीत वडिलांपेक्षा कडक पाळली. पुडीला गिऱ्हाईक वाढलं, तशा चिमटी वाढल्या. सकाळचा अर्धा चमचा वेगळा. नागपूरच्या डॉक्टरांनी पुढं मला विचारलं, "रोज किती घेत होते?" मला सांगता येईना. जितकी गिऱ्हाइकं तितक्या चिमटी, हे कसं सांगणार? मी सांगितलं तेच, आणि तो तरुण डॉक्टर माझ्याकडं बघतच राहिला. मग म्हणाला, पुडीतली ती जाड साल जास्त झाली तर लिव्हरला त्रास देऊ शकते, ह्यांचं लिव्हर सुजलंय खरं, पण त्यानंच सुजलं असं मी म्हणणार नाही. "चवीपुरती खा, चहात घाला, चांगली आहे," तो म्हणाला. "पण शुगरची गोळी चार वर्षं बंद होती ना, काकू? पाय त्यानं गेला."

पाय. तिथं यायचंच होतं मला, उगाच इकडंतिकडं फिरते आहे.

दोन वर्षांपूर्वी हे बाजारातून एका पायात चप्पल घालून घरी आले. उजवी पायात, डावीचा पत्ता नाही. मला हसू आवरेना. "अहो, चप्पल कुठं टाकून आले?" ह्यांनी खाली बघितलं. खरंच माहीत नव्हतं त्यांना. मग तेही हसले. मी ती गोष्ट गल्लीत सगळ्यांना सांगितली, नक्कल करून सांगितली. भागाबाई तर पदर तोंडाला लावून हसली होती. उरलेली उजवी चप्पल मी काउंटरखाली टाकली, जोड सापडली तर असू दे म्हणून. जोड सापडली नाही.

पाय बधिर झाले होते. चप्पल निसटली तरी पायाला कळत नव्हतं. हे आता कळतं. तेव्हा मी त्यांना विसरभोळे म्हणाले.

मग या वर्षीचा मे. दळण्याआधी साल गच्चीवर वाळत घालतो आम्ही, आणि मसाला पसरलेल्या जागी चप्पल घालायची नाही, अन्न आहे ते. आदिलाबादचं ऊन सांगायला नको. दुपारी मी साल उलटायला गेले तर चवड्यांवर उड्या मारत जायची आणि तशीच पळत यायची. हे मात्र आरामात फिरायचे, एकेक तुकडा उलटत, वास घेत. मी शेजारणीला कौतुकानं म्हटलं होतं, "ह्यांना उन्हाचंबी भान राहत नाही, अशी भक्ती हाये." त्या रात्री अंथरुणावर पांढऱ्या चादरीला पाणी लागलेलं दिसलं. दोन्ही तळव्यांना फोड आले होते आणि फुटलेही होते. "दुखते का?" मी विचारलं. "काई नाही," ते म्हणाले, आणि ते खरं बोलत होते. त्यावर त्यांनी हळद आणि दालचिनीची पूड दाबली. पूड मीच आणून दिली, नवी, बारीक चाळलेली.

उजव्या पायाची जखम भरली. डावा काळा पडला. नागपूरला नेलं, गुडघ्याखालून कापला, आणि तरी आठ दिवसांनी विष सगळ्या अंगात पसरून ते गेले.

गंधार हैदराबादला नोकरीला असतो. तोच धावपळ करत होता. गाडीत बाबांना घेऊन परत येताना तो मला म्हणाला, "आई, हार्टनं गेले म्हणायचं. पायाचं कुणाले सांगायचं नाही. शुगरची पुडी देणारा माणूस शुगरनं गेला म्हटलं तर लोक हसतील बाबांवर." मी म्हटलं बरं. तेव्हा मला कुणी काहीही सांगितलं असतं तरी बरं म्हटलं असतं. आदिलाबाद यायच्या आधी त्यानं गाडी थांबवली, एक टॉवेल घट्ट गुंडाळला, दोरीनं बांधला, आणि जिथं पाय नव्हता तिथं ठेवून वरून पांढरं कापड ओढून घेतलं. मग वर फुलं. बरोबर दिसत होतं. दारात सगळे रांगेनं पाया पडले. शेवटचं दर्शन पायाचंच घेतात. कुणी डोकं टेकवलं, कुणी कुंकू लावलं. मी भिंतीला टेकून बघत होते की टॉवेल सरकत तर नाही.

असो. तर चौदाव्या दिवशी शटर वर गेलं. गंधारनं ह्यांचा हार घातलेला फोटो डब्यांच्या वर लावला. आतून त्यानं एक खोकं आणलं आणि माझ्यासमोर उघडलं. चकचकीत पाकिटं. पुढं ह्यांचा हसरा फोटो, खाली "नरसिंगदादा दालचिनी", मागं उगम, उपयोग, फायदे. सातही ओळी.

"ऑनलाइन टाकून राह्यलो मी," तो म्हणाला. "बाबांचं नाव जगभर जाईल. एवढं तं करू शकतो मी त्यांच्यासाठी."

त्याचे डोळे भरले होते. मी पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. फोटो दोन वर्षांपूर्वीचा होता, गंधारच्या लग्नातला. मी म्हटलं, "छान आलाय." सातव्या ओळीवर बोट ठेवलं आणि उचललं. बोलायला हवं होतं हे मला कळत होतं. बोलले तर नवरा सगळ्या गावात वेडा ठरत होता, मुलगा खोटा ठरत होता, आणि मी दोघांची साथीदार. नाही बोलले तर पाकिटं जाणार होती. कळत होतं सगळं, पण तोंड उघडण्याइतकंही काही वाटत नव्हतं.

पहिलं गिऱ्हाईक पंढरीभाऊ. मावल्याकडं त्यांचा भाजीचा मळा आहे, वांगी आणि पालक घेऊन रोज बाजारात येतात. ह्यांचे चाहते. आल्या आल्या फोटोला हात जोडले. मागोमाग भागाबाई आली, जिरं न्यायला, आणि खरं तर कोण काय बोलतं ते ऐकायला.

"वयनी, महिना झाला, पुडी संपली माझी," पंढरीभाऊ म्हणाले. "दुसरीकडून घेतली नाही. दादाची ते दादाची."

"गोळी चालू आहे ना?" मी विचारलं. का विचारलं माहीत नाही.

"गोळी कायले? दादांनीच सांगितलं होतं. उगादीच्या पाडव्यापासून बंदच केली. फसक्लास हाये मी." त्यांनी काउंटरवर थाप मारली. "कालच घरच्या बाईले म्हटलं, दादा गेले तं गेले, पण मले बरं करून गेले."

गंधार खूश होऊन हसला. त्यानं पाकीट नको, पहिलं गिऱ्हाईक म्हणून डब्यातलं द्यायचं ठरवलं, रीतीप्रमाणं. डबा माझ्यासमोर ठेवून झाकण काढलं. पूड तशीच होती, मे महिन्यात मी चाळलेली.

पंढरीभाऊंनी पिशवी पुढं केली नाही. ते वाट बघत उभे राहिले. "आता तुमीच मालकीण," ते म्हणाले, "घ्या चिमूट."

मी दोन बोटांत चिमूट घेतली. आणि हात तोंडाकडं नेताना माझी नजर खाली गेली.

पंढरीभाऊंच्या उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय उघडा होता.

आठ दिवस पाऊस नव्हता. बाहेर चिखल नव्हता की चप्पल रुतून बसावी. "पंढरीभाऊ," मी म्हटलं, "चप्पल कुठं?"

त्यांनी खाली बघितलं. तसंच बघितलं जसं ह्यांनी बघितलं होतं. "अरे!" ते हसले. "कुठं राह्यली बा? गाड्यावरून उतरतानी होती." भागाबाईला हसू फुटलं. "दादासारखंच झालं की तुमचं," ती म्हणाली, "त्याईची बी अशीच गेली होती." माझीच नक्कल ती मला करून दाखवायला लागली.

मी चिमूट डब्यात परत टाकली. असं आमच्या दुकानात कधी झालेलं नव्हतं. भागाबाईची नक्कल मध्येच थांबली.

काउंटरच्या बाहेर आले. पंढरीभाऊंना बाकावर बसवलं आणि त्यांच्या पायाशी खाली बसले. "वयनी, हे काय करून राह्यले, पाया काऊन पडता?" ते संकोचून पाय मागं घ्यायला लागले. "पडत नाही," मी म्हटलं, "तुमी फोटोकडं बघा." ते बघायला लागले आणि ह्यांच्याबद्दल बोलायला लागले, हे त्यांना सिलोनच्या झाडाचं कसं सांगायचे, फांदी कशी सोलतात, एकदा ह्यांनी तुकडा दिला तो त्यांनी देवघरात ठेवला आहे. ते बोलत होते आणि मी त्यांच्या डाव्या अंगठ्यात माझं नख रुतवलं. आधी हळू. मग सगळा जोर लावून. नखाखाली चंद्रकोर उमटली आणि तिच्यात रक्त आलं. ते बोलतच होते.

महिन्यात पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं. राग होता तो. ह्यांच्यावर, इतका राग की मला धाप लागली. गोड बोलून बोलून मेला हा माणूस, आणि पंढरीभाऊंनाही घेऊन चालला होता. आणि माझ्यावर. नक्कल करणाऱ्या माझ्यावर.

"गंधार," मी म्हटलं, "स्कूटर काढ. भाऊंना दवाखान्यात घेऊन जा. आत्ता."

"आई, काय झालं? गिऱ्हाईक..."

"तुझे बाबा हार्टनं गेले नाहीत," मी म्हटलं. भागाबाईला ऐकू जाईल असं म्हटलं, म्हणजे दुपारपर्यंत मला कुणाला वेगळं सांगायला नको. "शुगरनं गेले. गोळी बंद केली होती चार वर्षं. पाय बधिर झाले, गच्चीवर भाजले तरी कळलं नाही, डावा पाय गुडघ्याखाली कापला. पुडीनं शुगर गेली नाही, पंढरीभाऊ. पाय गेला."

गंधारचा चेहरा पांढरा पडला. "आई, नको ना," तो एवढंच म्हणाला, लहानपणी म्हणायचा तसं.

पंढरीभाऊ माझ्याकडं बघत होते. मग हळूच म्हणाले, "वयनी, मी सोता पाया पडलो दादांच्या. दोन पाय होते. डाव्यावर डोकं ठेवलं मी."

"तो टॉवेल होता," मी म्हटलं. "गुंडाळून बांधलेला."

बाहेर एक ऑटोवाला कुणाशी तरी तेलुगूत भांडत होता, तेवढाच आवाज. पंढरीभाऊंनी डावा पाय उचलून मांडीवर घेतला. अंगठा बघितला. रक्त बोटानं पुसलं, पुन्हा आलं. अंगठा दोन बोटांच्या चिमटीत धरून त्यांनी स्वतः दाबला, चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग आणखी जोरात दाबलं.

"वयनी," ते म्हणाले, "मघाशी तुमी दाबलं होतं का?"

"हो."

"किती?"

मी माझं नख दाखवलं. त्यात त्यांचं रक्त होतं.

साठीचा माणूस, हातानं पाय धरून बसलेला, जसा तो पाय दुसऱ्या कुणाचा असावा. गंधार पुढं आला. काउंटरखाली ह्यांची ती एकटी चप्पल पडली होती, त्यानं ती उचलली आणि परत ठेवली; उजवी होती, कामाची नव्हती. मग त्यानं स्वतःच्या पायातली डावी काढली, गुडघ्यावर बसला आणि पंढरीभाऊंच्या पायात घालायला लागला. "गेली का नीट?" त्यानं विचारलं.

पंढरीभाऊंना सांगता येईना. ते वाकून डोळ्यांनी बघत राहिले, चप्पल पायात गेली आहे की नाही. आणि तेव्हा, महिन्यानं, मला रडू आलं.